दिसतो, पण उघडत नाही: घरातल्या शेअर्ड ड्राइव्हच्या कुरबुरींची पार्श्वभूमी

घरात दोन कॉम्प्युटर, राउटर एकच. एकावरचा ड्राइव्ह दुसऱ्याला शेअर केलेला. कालपर्यंत तो दिसत होता, आज गायब. किंवा दिसतो, पण क्लिक केलं की नाव-पासवर्ड मागतो आणि बरोबर पासवर्ड दिला तरी हटून बसतो. तक्रार करताना आपण दोन्हीला ‘शेअरिंग चालत नाही’ असंच म्हणतो. पण या दोन दुखण्यांची कुळं वेगळी आहेत. पहिलं नावाचं, दुसरं ओळखीचं.

मुळाशी जायचं तर १९८३च्या सुमाराला आयबीएममध्ये जावं लागतं. डॉसवरच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या पीसी प्रणालीवरच्या, प्रोग्रामला फाइल हवी असली की तो ‘इंटरप्ट २१’ नावाच्या खिडकीतून डॉसकडे मागणी करायचा. बॅरी फायगनबॉम यांनी ही मागणी वाटेतच अडवून तारेवरून दुसऱ्या मशीनकडे धाडायची युक्ती काढली. फाइल आपल्याच डिस्कवरून आली की शेजारच्या, हे प्रोग्रामला कळायचंही नाही. या पद्धतीला त्यांनी आधी स्वतःच्या नावाची आद्याक्षरं दिली होती, बीएएफ. पुढे ती सर्व्हर मेसेज ब्लॉक, म्हणजे एसएमबी झाली. आजही विंडोजमधलं शेअरिंग तिच्याच वंशजावर चालतं.

डॉसच्या चुकांचे क्रमांकही या वारशातून उतरले. ५ म्हणजे परवानगी नाही, ५३ म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता सापडला नाही. आज विंडोज जो लांबलचक कोड तोंडावर फेकतं, त्याचे शेवटचे दोन अंक पाहा. ८००७००३५ मधला ३५ हा सोळाच्या पटीत लिहिलेला ५३च आहे (३ गुणिले १६ अधिक ५), आणि ८००७०००५ मधला ५ तोच जुना ५. शेवटी ३५ असेल तर पासवर्ड बदलत बसणं फुकट, कारण समोरचं मशीनच सापडलेलं नाही. ०५ असेल तर राउटर बंद-चालू करून काही साधत नाही. दुरुस्तीला बसण्याआधी एवढं पाहिलं तरी अर्धी संध्याकाळ वाचते.

आता नावाचं कूळ. आयबीएमच्या पीसी नेटवर्कसाठी सायटेक या कंपनीने नेटबायोस, म्हणजे मशीनांनी एकमेकांना नावाने हाक मारायची सोय, तयार केलं. त्यात नावाला १६ बाइट. त्यातला शेवटचा मशीनची भूमिका सांगायला राखीव, म्हणून नाव १५ अक्षरांचं. नावांची नोंदवही कुणाकडेच नव्हती. मशीन सुरू झालं की सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाळी द्यायचं, ‘हे नाव मी घेतोय, कुणाची हरकत?’ कुणी काही बोललं नाही की नाव त्याचं. एका तारेवर बसलेल्या मोजक्या मशीनांसाठी हे पुरेसं होतं. मार्च १९८७मध्ये हीच रीत इंटरनेटच्या टीसीपी-आयपीवर कशी चालवायची याचे नियम प्रसिद्ध झाले आणि १३७, १३८, १३९ हे पोर्ट, म्हणजे मशीनची क्रमांकित दारं, तिच्या वाट्याला आले. पण हाळी राउटर ओलांडत नाही. घरात एका राउटरमागे दुसरा राउटर लावला, किंवा एक लॅपटॉप ‘गेस्ट’ वायफायवर राहिला, तर दोन्हीकडे इंटरनेट झकास चालतं आणि तरी एकमेकांची नावं ऐकू येत नाहीत.

शेजारच्या मशीनांची यादी हा त्यावरचा पुढचा मजला. १९९२च्या विंडोज फॉर वर्कग्रुप्सपासून घरा-ऑफिसात रुळलेल्या या यादीसाठी मशीनं आपापसात चक्क निवडणूक घ्यायची. निवडून आलेलं मशीन ‘मास्टर ब्राउझर’, यादी त्याने सांभाळायची. बाकीच्यांनी दर १२ मिनिटांनी हजेरी लावायची. सलग तीन हजेऱ्या चुकल्या की नाव कापायचं. यादीची एक प्रत राखीव मशीनकडे असायची आणि ती १५ मिनिटांनी ताजी व्हायची. बेरीज केली तर वायर उपटून बंद केलेलं मशीन ५१ मिनिटांपर्यंत यादीत जिवंत दिसू शकायचं. उलट नुकतंच चालू केलेलं मशीन बराच वेळ दिसायचंच नाही. ‘थोडा वेळ थांबा, आपोआप दिसेल’ हा सल्ला त्या काळी थट्टेचा वाटायचा, पण त्यामागे खरा हिशोब होता.

या गोष्टीत विंडोजबाहेरचंही एक पात्र आहे. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतले विद्यार्थी अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१च्या शेवटी तारेवरून जाणारे संदेश वाचून, पलीकडे काय बोलणं चाललंय हे उलगडत, युनिक्स या वेगळ्या प्रणालीसाठी तसाच एक सर्व्हर लिहिला. पुढे नाव बदलायची वेळ आली तेव्हा त्यांनी शब्दकोशाच्या फाइलमध्ये एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने येणारे शब्द शोधले. त्यात ‘साम्बा’ सापडला. आज घरात कपाटावर ठेवलेला नॅसचा डबा (थेट नेटवर्कला जोडलेली डिस्क) किंवा पेनड्राइव्ह खोचलेला राउटर बहुतेक वेळा आतून साम्बाच चालवत असतो, आणि कित्येकदा फार जुना. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ओळखीचं कूळ तसं उशिरा वाढलं. विंडोज ९५ मध्ये पासवर्ड माणसाला नव्हता, फोल्डरला होता. ज्याला तो माहीत, त्याला फोल्डर खुलं. तोही किती कच्चा, तर समोरून पासवर्डची जेवढी अक्षरं आली तेवढीच तपासायची चूक त्यात होती. म्हणजे पहिलं अक्षर जुळलं तरी दार उघडायचं. मायक्रोसॉफ्टने ती ऑक्टोबर २०००मध्ये दुरुस्त केली. दुसरीकडे १९९३च्या विंडोज एनटीने एनटीएफएस ही डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत आणली आणि प्रत्येक फाइलला मालक व परवानग्या चिकटल्या. विंडोज एक्सपीने २००१मध्ये हे दोन प्रवाह घरगुती कॉम्प्युटरवर एकत्र आणले. तेव्हापासून शेअरची परवानगी एक आणि फाइलची परवानगी दुसरी. दोन्हींतली जी कडक, ती चालते. शेअरिंगच्या टॅबवर सगळ्यांना सगळं देऊनही ‘अॅक्सेस डिनाइड’ येतं ते यामुळे. सिक्युरिटीचा टॅब उघडायचं राहिलेलं असतं. एक्सपीनेच आणखी एक अट घातली: ज्या खात्याला पासवर्ड नाही, त्याने फक्त त्या मशीनसमोर बसूनच आत यावं, नेटवर्कवरून नाही. ऑगस्ट २००४च्या सर्व्हिस पॅक २ ने बाहेरून येणारी जोडणी अडवणारी फायरवॉल मुळातच चालू ठेवली. व्हिस्टाने नेटवर्क ‘पब्लिक’ की ‘प्रायव्हेट’ हा प्रश्न आणला. आजही नवीन वायफाय जोडताना कुणीतरी घाईत पब्लिक निवडतं आणि शेअर केलेलं मशीन तोंड लपवून बसतं.

घरच्या माणसांना हे झेपत नाही हे मायक्रोसॉफ्टलाही दिसलं असावं. २००९च्या विंडोज ७ मध्ये होमग्रुप आला: सगळ्या घराला एक पासवर्ड, बस. माझ्या मते घरगुती शेअरिंगचा तो सगळ्यात माणसाळलेला काळ. २०१८च्या एप्रिल अपडेटमध्ये तो काढून टाकला. मधल्या काळात, २०१२च्या विंडोज ८ पासून, लोक ईमेलवाल्या खात्याने लॉगिन करू लागले आणि पुढे चार आकडी पिनवर गेले. पिन त्या मशीनपुरताच असतो. नेटवर्कवरून विचारला जातो तो मूळ खात्याचा पासवर्ड, जो शेवटचा कधी टाइप केला ते कुणाला आठवत नाही. शिवाय एकदा चुकीची ओळख साठवली गेली की विंडोज तीच पुढे करत राहतं. ती क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या पासवर्डांच्या वहीत, जाऊन पुसावी लागते.

मग १२ मे २०१७. वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभर पसरलं ते एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या भगदाडातून. त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, पण असंख्य मशीनांवर ती पोचलेली नव्हती. त्या ऑक्टोबरच्या अपडेटपासून नव्याने बसवलेल्या घरगुती विंडोज १० मध्ये एसएमबी १ ची फाइली देणारी बाजू येणं थांबलं आणि फाइली मागणारी बाजू १५ दिवस वापरली नाही की आपोआप निघून जाऊ लागली. मशीनांची निवडणूक आणि यादी याच जुन्या आवृत्तीवर टेकलेली, त्यामुळे तीही गेली. कपाटावरचा तो जुना साम्बावाला डबा एके दिवशी ‘नेटवर्क’मधून नाहीसा झाला. डबा नवी आवृत्ती बोलू शकत असेल तर अॅड्रेस बारमध्ये दोन उलट्या तिरक्या रेघा आणि त्याचा आयपी पत्ता लिहिला की तो आजही उघडतो. फक्त यादीत येत नाही. विंडोज मशीनांना यादीत आणायचं काम आता ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सर्व्हिस करते. ती बंद पडली की मशीन दिसत नाही, उघडता मात्र येतं. एसएमबी १ परत चालू करा, असा सल्ला अजून सर्रास मिळतो. तो घेऊ नये.

सगळ्यात ताजा खिळा ऑक्टोबर २०२४च्या विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटचा. प्रो आवृत्तीत आता प्रत्येक संदेशावर सही (तो वाटेत बदललेला नाही याची खूण) सक्तीची आणि पाहुणा म्हणून आत घेणं बंद. सहीची किल्ली पासवर्डच्या देवाणघेवाणीतून बनते. पाहुण्याकडे पासवर्डच नाही, म्हणून त्याला सही करताच येत नाही. अशा वेळी पडद्यावर येणारा संदेश सांगतो की तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणांनी पाहुण्यांना मज्जाव केलाय. संस्था म्हणजे इथे दोन कॉम्प्युटर आणि एक राउटर. त्या डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन पासवर्डसकट एक खातं उघडायचं आणि विंडोजला तेच द्यायचं, एवढं केलं की तो पुन्हा उघडतो.