कोयनेलची निळाई: प्रतिदीप्ती मोजायला आपण कसे शिकलो

नोटा तपासायला दुकानदार जो जांभळा दिवा वापरतात, त्याच्यासमोर टॉनिक वॉटरची बाटली धरून पाहा. साध्या पाण्यासारखं दिसणारं ते पेय लख्ख निळं उजळतं आणि दिवा मालवला की निळाई त्याच क्षणी जाते. ती असते त्यातल्या कोयनेलची. या प्रकाराला मराठीत प्रतिदीप्ती हा शब्द आहे, प्रयोगशाळेत मात्र सगळे सर्रास फ्लुओरेसन्सच म्हणतात. रक्तात औषध किती उरलंय इथपासून पेशीतलं एखादं प्रथिन नेमकं कुठे आहे इथपर्यंत कितीतरी गोष्टी आज याच उजेडावरून कळतात. गंमत अशी, की या मोजमापाचा माग काढत मागे जावं, तर जवळजवळ प्रत्येक वळणावर हिवतापावरचं ते कडू औषध उभं असतं.

असं निळं पाणी लोकांनी कोयनेल हाती येण्याआधीही पाहिलं होतं. सेव्हिलचा वैद्य निकोलास मोनार्देस याने १५६५ मध्ये मेक्सिकोहून येणाऱ्या एका लाकडाबद्दल लिहिलं. त्याच्या ढलप्या पाण्यात भिजवल्या की पाण्यावर निळी झाक येई, आणि ते पाणी मूत्रपिंडाच्या दुखण्यावर देत. रॉबर्ट बॉइलने १६६४ मध्ये दाखवलं, की आम्ल घातलं की ही झाक जाते आणि अल्कली घातला की परतते. पण लाकडाच्या काढ्यात काय काय उतरलंय कोण जाणे. अशा मिश्रणावरून नियम कसा बांधणार? १८२० मध्ये पॅरिसमध्ये पेल्तिए आणि काव्हाँतू यांनी सिंकोनाच्या सालीतून कोयनेल वेगळं काढलं, तेव्हा शुद्ध आणि भरवशाचा चमकणारा पदार्थ हाती आला.

१८४५ मध्ये जॉन हर्शेलने कोयनेलचं द्रावण उन्हात धरलं. द्रावण आरपार रंगहीन, पण ज्या बाजूने ऊन आत शिरत होतं तिथे एक पातळ निळा थर. एका द्रावणातून गेलेला उजेड पुढच्या द्रावणात निळाई उठवू शकत नव्हता. हा पृष्ठभागाचाच काही गुण असावा, असं हर्शेलने मानलं. तर्क चुकला, पण निरीक्षण अचूक होतं. निळाई जागवणारे किरण पहिल्या थरातच शोषले जात होते. आजही नवखा विद्यार्थी घट्ट द्रावण यंत्रात ठेवतो आणि ‘पदार्थ वाढवला तर आकडा घटला कसा?’ म्हणून चक्रावतो, तेव्हा तो हर्शेलच्याच कोड्यात अडकलेला असतो. म्हणून द्रावण आधी भरपूर पातळ करायचं.

कोडं सुटलं १८५२ मध्ये, केंब्रिजच्या जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्सकडून. त्याने अंधाऱ्या खोलीत प्रिझममधून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडला आणि कोयनेलच्या द्रावणाची नळी त्यातून हळूहळू सरकवत नेली. तांबडा, पिवळा, हिरवा, निळा गेले, काहीच नाही. जांभळ्याच्या टोकाला, आणि त्याच्याही पलीकडे जिथे डोळ्याला नुसता अंधार दिसतो तिथे, नळी निळी उजळली. न दिसणारा उजेड आत गेला होता आणि दिसणारा बाहेर आला होता. बाहेर येणाऱ्या उजेडाची तरंगलांबी आत जाणाऱ्यापेक्षा जास्त असते, हा त्याचा निष्कर्ष. दोहोंमधल्या अंतराला आज स्टोक्सचंच नाव आहे. ‘फ्लुओरेसन्स’ हा शब्दही त्याचाच, फ्लुओरस्पार या खनिजावरून बेतलेला.

यामागचं कारण पुढे विसाव्या शतकात उलगडलं. रेणू उजेड गिळतो आणि वरच्या ऊर्जापातळीवर जातो. तिथे कंप पावताना थोडी ऊर्जा उष्णतेत हरवते. उरलेली तो उजेड म्हणून परत करतो. व्यवहारात दलाली कापली गेल्यासारखंच. कोयनेल ३५० नॅनोमीटरच्या आसपास घेतं आणि ४५० च्या आसपास देतं. हा सगळा व्यवहार सुमारे २० नॅनोसेकंदांत आटोपतो.

कोयनेलचा आणखी एक धागा रंगांकडे गेला. १८५६ मध्ये विल्यम पर्किन कृत्रिम कोयनेल करायला बसला आणि हाती लागला जांभळा रंग. त्यातून कृत्रिम रंगांचा उद्योग उभा राहिला आणि त्याच लाटेत १८७१ मध्ये आडोल्फ फॉन बायरने फ्लुओरेसीन बनवलं. १८७७ मध्ये दहा किलो फ्लुओरेसीन डॅन्यूब नदी जिथे जमिनीत गडप होते तिथे ओतलं. सुमारे साठ तासांनी ऱ्हाइनच्या खोऱ्यातल्या आख नदीच्या झऱ्यातून हिरवं पाणी बाहेर पडलं. डॅन्यूबचं पाणी जमिनीखालून ऱ्हाइनकडे जातं हे असं सिद्ध झालं.

इतके दिवस मोजायचं साधन म्हणजे डोळा आणि रंगीत काच. खरं यंत्र युद्धाने आणलं. १९४२ मध्ये जपानने जावा घेतलं आणि दोस्त राष्ट्रांचा कोयनेलचा मुख्य पुरवठा तुटला. पर्याय होता अ‍ॅटाब्रिन, पण त्याचा डोस नेमका किती द्यायचा हे ठरत नव्हतं. न्यूयॉर्कच्या गोल्डवॉटर रुग्णालयात बर्नार्ड ब्रोडी आणि सिडनी युडेनफ्रेंड यांनी रक्तातलं अ‍ॅटाब्रिन त्याच्या प्रतिदीप्तीवरून मोजलं. औषध शरीराच्या पेशींत साठून राहतं हे कळलं, आणि आधी मोठा डोस, मग रोज थोडं, अशी पद्धत बसली. मात्र त्यांच्या उपकरणात ठरावीक काचा होत्या, म्हणून तरंगलांब्याही ठरावीकच. युद्धानंतर ही मंडळी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत गेली. तिथे रॉबर्ट बोमनने झेनॉनचा दिवा घेतला, नमुन्याच्या आधी एक आणि नंतर एक असे तरंगलांबी निवडणारे दोन भाग बसवले, शेवटी उजेड टिपणारी अतिसंवेदनशील नळी ठेवली. हे काम १९५५ मध्ये छापून आलं आणि लगोलग यंत्र बाजारात आलं. आपल्या सर्पगंधेतल्या रिसर्पिन या औषधी द्रव्यामुळे मेंदूतलं सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन घटतं, हे ब्रोडीच्या गटाने याच यंत्राने दाखवलं.

आजच्या यंत्राची मांडणीही मुळात तीच आहे. उजेड सरळ आत जातो आणि मोजणी काटकोनात होते, म्हणजे दिव्याचा झोत थेट यंत्राच्या डोळ्यात येत नाही. म्हणूनच इथल्या क्युव्हेटच्या, म्हणजे द्रावण ठेवायच्या चौकोनी कुपीच्या, चारही बाजू पारदर्शक आणि स्वच्छ लागतात. बोट लावायचं ते वरच्या कडेलाच.

यंत्र ठीक चाललंय का, हे बघायला नुसतं शुद्ध पाणी ठेवतात. ३५० नॅनोमीटरचा उजेड टाकला की ३९७ ला एक छोटं शिखर दिसतं. ही प्रतिदीप्ती नव्हे, हे रामन विकिरण, म्हणजे रेणूंवरून विखुरताना तरंगलांबी बदललेला उजेड. कोलकात्यात १९२३ मध्ये के. आर. रामनाथन यांना हाच उजेड दिसला, तेव्हा तो द्रवातल्या अशुद्धीची क्षीण प्रतिदीप्ती वाटला होता. ती नाही, हे १९२८ मध्ये रामन यांनी सिद्ध केलं.

आणि नव्या पदार्थाची चमक ताडून बघायची ती अजूनही बऱ्याचदा कोयनेलशीच. गिळलेल्या दर शंभर फोटॉनांमागे (प्रकाशकणांमागे) ते साधारण ५४ परत करतं. हे द्रावण गंधकाम्लात करतात, हायड्रोक्लोरिक आम्लात नाही, कारण क्लोराइड ही निळाई विझवतं. टॉनिक वॉटरच्या ग्लासात चमचाभर मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, विरघळवून तो पुन्हा जांभळ्या दिव्याखाली धरा, घरबसल्या दिसेल.