इंग्लंडमधील तंत्रज्ञानकेंद्री सरकारी माध्यमिक शाळा: पार्श्वभूमी

१९४४च्या शिक्षण कायद्यानंतर ग्रामर (निवडक, अभ्यासू मुलांच्या) आणि मॉडर्न (उरलेल्या सर्वसाधारण मुलांच्या) शाळांच्या जोडीला तांत्रिक शाळाही उभ्या राहायच्या होत्या. कार्यशाळा, यंत्रे आणि ती शिकवणारे शिक्षक यांचा खर्च बहुतेक स्थानिक प्राधिकरणांनी टाळला, त्यामुळे त्या मूठभरच निघाल्या.

आजच्या शाळांचे मूळ १९८६चे. त्या वर्षी जाहीर झालेल्या २० सिटी टेक्नॉलॉजी कॉलेजांपैकी (नावात कॉलेज असले तरी या माध्यमिक शाळाच) १५ प्रत्यक्ष सुरू झाली, पहिले १९८८मध्ये सॉलिहलजवळच्या किंग्सहर्स्टला. उभारणीचा भार उद्योगांनी उचलायचा होता. तो मुख्यतः सरकारी तिजोरीवरच पडला. म्हणून १९९३पासून नव्या इमारतींऐवजी चालू शाळांनाच ‘टेक्नॉलॉजी कॉलेज’चा दर्जा देण्याचा मार्ग निघाला. शाळेने प्रायोजकांकडून १ लाख पौंड जमवायचे, सरकारने तेवढीच भांडवली भर घालायची आणि वर दरवर्षी विद्यार्थ्यामागे सुमारे १०० पौंड द्यायचे. १९९९मध्ये प्रायोजकांची अट ५० हजारांवर आली. गरीब वस्तीतल्या शाळांसाठी ही सवलत फार उशिरा आली.

भांडवली पैसा एकदाच येतो, कार्यशाळा मात्र रोज खर्च मागते. लेझर कटरला धूर ओढणारी यंत्रणा आणि तिचे फिल्टर लागतात, लाकूड-ॲक्रिलिक संपते, तंत्रसहायकाचा पगार थांबत नाही. वर्गात ३० मुले बसतात. कार्यशाळेत सुरक्षिततेसाठी २०च्या आसपास थांबावे लागते. म्हणजे ६० मुलांना दोनऐवजी तीन शिक्षक.

या गणितात जीएनव्हीक्यू या व्यवसायाभिमुख पात्रतेची जीसीएसईशी (सोळाव्या वर्षीच्या विषयवार शालेय परीक्षेशी) समकक्षता येऊन पडली, आणि पुढचे बरेच काही तिनेच ठरवले. माहिती-तंत्रज्ञानातील इंटरमीडिएट जीएनव्हीक्यू, सहा घटकांचे आणि बरेचसे पोर्टफोलिओवर तपासले जाणारे, शाळांच्या जाहीर निकालतक्त्यात चार चांगल्या जीसीएसईंच्या बरोबरीचे धरले जाई. त्यात आणखी एक जीसीएसई मिळवला की तक्त्यात मोजला जाणारा पाच चांगल्या जीसीएसईंचा उंबरठा ओलांडला. त्यासाठी चार विषयांइतक्या तासिका लागत नसत. संगणककक्षात पूर्ण वर्ग बसे, लेथ लागत नसे. दर्जाचे नूतनीकरण चार वर्षांच्या आराखड्यातील निकालांच्या उद्दिष्टांवर अवलंबून असल्याने ही वाट धरणाऱ्या मुख्याध्यापकांना दोष देणे अवघड आहे. समर्थकांचे म्हणणे होते की, शाळेपासून तुटलेली मुले यामुळे टिकली. ते काही ठिकाणी खरेही होते. पण चारास एक हा भाव ठरवणे चूकच होते: तंत्रज्ञान म्हणजे पडद्यासमोरचे काम, असे समीकरण त्यातून रुजले. २००६पासून तक्त्यात इंग्रजी व गणितासह पाच विषयांचा निकष आला, २००७मध्ये जीएनव्हीक्यू बंद झाले आणि २०१४पासून कोणतीही पात्रता एकाच जीसीएसईइतकी मोजली जाऊ लागली.

दरम्यान २००४मध्ये डिझाइन अँड टेक्नॉलॉजी १४ वर्षांवरील मुलांसाठी ऐच्छिक झाले. २०१०च्या ईबॅकमध्ये (शाळांच्या मोजमापासाठी ठरवलेल्या मुख्य विषयांच्या गटात) त्याला जागा मिळाली नाही. २०११पासून विशेष दर्जाचा राखीव निधी सर्वसाधारण शालेय अनुदानात विरघळला. नावाच्या पाट्या राहिल्या, तासिका घटल्या.

युनिव्हर्सिटी टेक्निकल कॉलेजे (विद्यापीठांच्या पाठबळाने चालणाऱ्या तांत्रिक शाळा) हा त्यानंतरचा प्रयत्न. २०१०मध्ये स्टॅफर्डशायरमधील रोस्टर येथे जुन्या कापूस गिरणीत पहिले सुरू झाले. प्रवेश १४व्या वर्षी. पण इंग्लंडमध्ये मुले ११व्या वर्षीच शाळा निवडतात आणि विद्यार्थ्यामागे पैसा मिळत असल्याने कोणतीही शाळा चांगले मूल मध्येच सोडत नाही. २०१७पासून स्थानिक प्राधिकरणांनी नववीच्या पालकांना या पर्यायाची पत्रे पाठवणे सक्तीचे झाले. तरी २०१९पर्यंत उघडलेल्या ५८पैकी १० बंद पडली होती. उरलेल्यांपैकी काहींनी प्रवेशाचे वय खाली आणले.