आर्मी लिस्टचे नियम डेटाफाईलमध्ये कसे बसवतो : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

टेबलावर खेळायच्या युद्धखेळांत खेळाडू पॉइंट्सच्या मर्यादेत आपलं सैन्य निवडतो, ती यादी म्हणजे आर्मी लिस्ट; ती नियमात बसते का हे सॉफ्टवेअरने तपासावं म्हणून आम्ही डेटाफाईल्स लिहितो. काम द्यायला येणारे बहुतेक क्लबवाले आणि गेम बनवणारे पहिल्या फोनवर एकच सांगतात, "रूलबुकात आहे तसं टाका." टाकतोच, पण रूलबुक लिहिलेलं असतं माणसांसाठी, दोन खेळाडू टेबलावर बसून जे समजून घेतात ते सॉफ्टवेअरला कोणीतरी शब्दाशब्दाने सांगावं लागतं, आणि ते सांगताना आम्ही तुम्हाला उलटे प्रश्न विचारत बसतो. ते प्रश्न का येतात हे आधीच कळलं तर दोघांचाही वेळ वाचेल म्हणून हे पत्रक.

आम्ही मुख्यतः बॅटलस्क्राइब या लिस्ट बनवायच्या ॲपच्या फॉरमॅटमधल्या डेटाफाईल्स लिहितो, हाच डेटा न्यू रिक्रूट या तशाच दुसऱ्या ॲपमध्येही चालतो. यात एक फाईल अख्ख्या गेमची असते आणि प्रत्येक आर्मीचा वेगळा कॅटलॉग असतो, आत सगळं एक्सएमएल, म्हणजे खुणा लावून लिहिलेला मजकूर. युनिट (तुकडी), मॉडेल (त्यातला एकेक जण), अपग्रेड (शस्त्रासारखी भर) या नोंदी, प्रत्येकीची पॉइंट्समधली किंमत, आणि त्यावर लावलेली बंधनं म्हणजे किमान इतके, कमाल इतके. बंधन परिस्थितीप्रमाणे बदलायचं असेल तर त्यावर मॉडिफायर लावतो, "अमुक घेतलं असेल तर कमाल 1 चं 2 कर" अशा धाटणीचा. ऐकायला सोपं आहे आणि निम्मं काम खरंच सोपं असतं.

अवघड असतं ते "कुठे मोजायचं". प्रत्येक बंधनाला एक स्कोप असतो: ज्या युनिटच्या आत वस्तू आहे तेवढंच बघायचं, की ती फोर्स (आर्मीचा एक भाग) बघायची, की पूर्ण रोस्टर (सगळी लिस्ट). आकडा बरोबर असून स्कोप चुकला तर नियम लिहिलेला दिसतो, चालतो आणि चुकीच्या लिस्टला बिनधास्त पास करतो. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या फाईल्समध्ये सगळ्यात जास्त दिसतं ते हेच.

उदाहरण वॉरहॅमर 40,000 चं घेऊ, कारण बहुतेकांना ते माहीत आहे. 2017 च्या आठव्या आवृत्तीत एका आर्मीत अनेक डिटॅचमेंट्स (युनिट्सचे गट) घेता यायच्या, आणि 2018 मध्ये गेमच्या प्रकाशकाने, गेम्स वर्कशॉपने, टूर्नामेंटसाठी सुचवलं की 2000 पॉइंट्सच्या आर्मीत एकच डेटाशीट (म्हणजे एकाच प्रकारचं युनिट) तीनपेक्षा जास्त वेळा नको, ट्रूप्स (साधे सैनिक) आणि डेडिकेटेड ट्रान्सपोर्ट (त्यांना नेणारी वाहनं) सोडून. आता डिटॅचमेंट म्हणजे डेटाफाईलमध्ये एक फोर्स. बंधन "कमाल 3" आणि स्कोप फोर्स असा ठेवला की तीन डिटॅचमेंट्स घेणारा नऊ घेऊन जातो आणि स्क्रीनवर एकही लाल ओळ येत नाही. स्कोप रोस्टर केला की बरोबर. पण तेवढ्यानेही भागत नाही, कारण तेच युनिट दोन वेगळ्या लिंकमधून (त्याच नोंदीकडे नेणाऱ्या दुव्यांतून) आर्मीत येत असेल तर दोन्ही मिळून मोजायचे का हे वेगळ्या शेअर्ड खुणेने सांगावं लागतं, ती खूण राहिली तर प्रत्येक लिंकचे तीन तीन वेगळे मोजले जातात. 2023 च्या दहाव्या आवृत्तीत ही मर्यादा मूळ नियमातच आली, एका डेटाशीटचे 3, बॅटललाइन (फौजेचा कणा असलेली युनिट्स) आणि डेडिकेटेड ट्रान्सपोर्टचे 6, म्हणजे एकाच बंधनाला युनिटच्या कीवर्डप्रमाणे दोन आकडे, इथे मॉडिफायर लागतो. एन्हान्समेंट्सचंही (कॅरेक्टर म्हणजे नेत्यांना द्यायच्या खास भर) तसंच, पूर्ण आर्मीत मिळून कमाल 3 आणि त्यातली प्रत्येक एकदाच, ही दोन वेगळी बंधनं आहेत, एकावर भागवलं की दोन कॅरेक्टर्सना एकच एन्हान्समेंट जाते. शिवाय एपिक हिरोला (गेममधल्या नावाजलेल्या खास पात्राला) ती द्यायचीच नसते, म्हणून तिथे तो पर्यायच लपवतो.

म्हणून तुमच्या नियमात "एकच" किंवा "जास्तीत जास्त दोन" असं लिहिलेलं असेल तर आमचा पहिला प्रश्न हाच: कशात एकच? युनिटमध्ये, कॅरेक्टरमागे, की सगळ्या आर्मीत?

टक्केवारीचे नियम दुसरी मोठी जागा. वॉरहॅमर फँटसीची 2010 ची आठवी आवृत्ती आठवा, आर्मीच्या प्रत्येक गटाचा पॉइंट्समधला वाटा ठरलेला: लॉर्ड्स 25 टक्क्यांपर्यंत, हिरोज 25, स्पेशल 50, रेअर 25 आणि कोअर किमान 25. हे टक्के ठरलेल्या पॉइंट्स लिमिटचे, पण सॉफ्टवेअरमध्ये ते आत्तापर्यंत खर्च झालेल्या पॉइंट्सवरही काढता येतात, आणि घाईत तेच होतं. मग काय होतं बघा. 2000 ची आर्मी करायला बसलेला खेळाडू सगळ्यात आधी 300 चा लॉर्ड टाकतो, खर्च 300, त्यातले 300 लॉर्डचे, म्हणजे 100 टक्के, स्क्रीन लाल. तो बिचारा काहीच चुकलेला नाही. आणि याच्या उलट जास्त वाईट: त्याची लिस्ट 1900 वर थांबली आणि कोअर 480 आहे, 1900 चे 25 टक्के म्हणजे 475, सॉफ्टवेअर म्हणतं ठीक आहे, खरं तर लागतात 500. टूर्नामेंटच्या सकाळी रेफरीसमोर हे उघडं पडलं तर खेळाडूचा दिवस जातो, आणि त्याने लिस्ट तुमच्याच फाईलवर तपासलेली असते.

राउंडिंगही इथेच नडतं. 1250 चे 25 टक्के 312.5 होतात, कमाल मर्यादा असेल तर 313 चालत नाही, किमान असेल तर 312 पुरत नाहीत. कुणी आकडा वर राउंड केला तर कमालवाला 313 आत शिरतो, खाली केला तर किमानवाला 312 वर सुटतो. आम्ही राउंड करतच नाही, शक्य असेल तिथे कोअरच्या पॉइंट्सची चौपट लिमिटशी ताडतो, अपूर्णांकच येत नाही.

किमतींबद्दल थोडं. दहाव्या आवृत्तीत युनिटची किंमत ठराविक साइजवर असते, समजा 5 जणांचे 80 आणि 10 जणांचे 160, तर 6 घेतले तरी 160 च लागतात. डोक्याप्रमाणे 16 लावणारी फाईल 6 जणांचे 96 दाखवते आणि पूर्ण आर्मी चुकते. तुमच्या गेममध्ये किंमत डोक्यामागे आहे की टप्प्याने हे सुरुवातीलाच सांगा.

आता आमचं एक ठाम मत, आणि यावर आम्ही ग्राहकांशी वादही घालतो. बरेचजण म्हणतात की नियम मोडणारं बटणच दाबता येऊ नये. आम्ही शक्यतो असं करत नाही. लिस्ट बनत असताना ती जवळजवळ कायम अपुरीच असते, वॉरलॉर्ड (सेनापती) निवडलेला नसतो, कोअर भरलेलं नसतं, खेळाडू आधी आवडीचं युनिट टाकतो, मग पॉइंट्स बघतो, मग काढतो, पुन्हा टाकतो, आणि या उलटापालटीतच त्याला मजा येते. तिथे दर पावलाला अडवलं तर तो कागदपेन्सिल घेऊन बसेल आणि तुमची फाईल पडून राहील. म्हणून आम्ही अडवत नाही, सांगतो. जे कधीच, कुठल्याच लिस्टमध्ये चालणार नाही, जसं दुसऱ्याच आर्मीचं शस्त्र, तेवढं लपवतो. बाकी सगळं एरर म्हणून दिसतं आणि लिस्ट पूर्ण झाली की आपोआप निघून जातं.

त्या एररचे शब्द आम्ही मन लावून लिहितो. नुसतं "बंधन मोडलं" वाचून कुणाला काय कळणार, "या युनिटचे 4 झालेत, आर्मीत 3 च चालतात" असं दिसलं की दहा सेकंदात दुरुस्ती होते. जिथे सॉफ्टवेअर स्वतःचं ठरावीक वाक्य दाखवतं तिथे निदान नोंदींची नावं अशी ठेवतो की ते वाक्य वाचता येईल. मराठीत हवं असेल तर मराठीत देतो, मात्र युनिट्सची नावं तुमच्या पुस्तकात आहेत तशीच ठेवतो.

तपासणी कशी करतो तेही सांगतो. प्रत्येक बंधनासाठी तीन लिस्ट बनवतो, एक मर्यादेच्या आत, एक बरोबर मर्यादेवर आणि एक तिच्या एक पाऊल पुढे. तिसरीवर एरर यायलाच हवा आणि दुसरीवर येता कामा नये, बहुतेक चुका या दोघींच्या मधे सापडतात. नवीन पॉइंट्स आले की हाच संच पुन्हा चालवतो, म्हणून एक आकडा बदलायला इतका वेळ का असं वाटलं तर कारण हे आहे.

अपडेटच्या वेळी दोन गोष्टींना आम्ही हात लावू देत नाही. नोंदीचा आयडी बदलायचा नाही, कुणी जुनं युनिट डिलीट करून त्याच नावाने नवीन बनवलं की आयडी नवा होतो आणि खेळाडूंनी सेव्ह केलेल्या लिस्टमधून ते युनिट गायब होतं. आणि फाईलचा रिव्हिजन नंबर (कितवी सुधारित फाईल तो आकडा) वाढवायचाच, नाहीतर लोकांच्या फोनवर जुनीच फाईल राहते. तुम्ही स्वतः फाईल उघडून बदल करणार असाल तर एवढं नक्की सांभाळा.

रूलबुकातला मजकूर आम्ही फाईलमध्ये उतरवत नाही, तो प्रकाशकाचा आहे. तिथे फक्त पान नंबर देतो. गेम तुमचा स्वतःचा असेल तर अर्थात पूर्ण मजकूर टाकता येतो.

काम सुरू करायला आम्हाला लागतं एवढंच: नियम साध्या मराठीत किंवा इंग्रजीत लिहिलेले, तुमचा क्लब मूळ नियमांपेक्षा वेगळं काय करतो ते वेगळ्या रंगात (उदाहरणार्थ 1000 च्या गेमला एका डेटाशीटचे 2 च), आणि काही लिस्ट ज्या तुमच्या मते चालतात व काही ज्या चालत नाहीत. न चालणाऱ्या लिस्ट जरूर द्या, नियमात काय लिहायचं राहून गेलंय ते आम्हाला त्यांच्यावरूनच कळतं. वहीत हाताने लिहिलेल्या लिस्टचे फोटोही चालतील, फक्त पॉइंट्स वाचता यायला हवेत.