टर्बोच्या दाबाला लगाम: सायलेन्सरपासून नॉक सेन्सरपर्यंत

टर्बोचार्जरचा मूळ स्वभावच हाताबाहेर जाण्याचा. सायलेन्सरकडे निघालेला गरम वायू टर्बाइन फिरवतो, त्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर इंजिनात जादा हवा कोंबतो, जादा हवेसोबत जादा पेट्रोल जळतं आणि त्यातून पुन्हा आणखी वायू तयार होतो. हे चक्र कुठेतरी तोडावं लागतं. नाही तोडलं तर ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच सिलिंडरच्या कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं. यालाच नॉकिंग म्हणतात. ते चालू राहिलं तर आधी पिस्टनच्या कडा जातात, मग हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडरच्या डोक्याखालचं सील.

हा दाब आवरण्यासाठी शंभरेक वर्षांत बरेच उपाय झाले. त्यांच्याकडे बघताना एक प्रश्न हाताशी ठेवावा: लगामच तुटला, तर दाब वाढतो की उतरतो? जुनी टर्बो गाडी बाळगणाऱ्यांच्या बहुतेक तक्रारी याच प्रश्नापाशी येऊन थांबतात.

स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी टर्बोचं पेटंट घेतलं ते १९०५ मध्ये, पण त्याला खरा उपयोग मिळाला आकाशात. उंचावर हवा विरळ, म्हणून इंजिनाची ताकद घटते. जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये लिबर्टी इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकवर, सुमारे १४,००० फुटांवर नेऊन टर्बोची चाचणी घेतली. विमानात वेस्टगेट या झडपेचं काम साधं होतं. खाली असताना झडप उघडी ठेवून वायू टर्बाइनला वळसा घालून सोडून द्यायचा आणि वर जाऊ तशी ती झडप मिटत न्यायची. दुसऱ्या महायुद्धातल्या बी-१७ बॉम्बर विमानांत हे काम आधी वैमानिकाच्या हातातल्या लिव्हरवर चालायचं. पुढच्या विमानांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आलं आणि चारही इंजिनांचा दाब एका बटणावर आला. मोटारींना अशी सोय मिळायला पुढे जवळपास चार दशकं लागली.

मोटारीतला घोळ सुरू झाला १९६२ साली. जनरल मोटर्सच्या दोन ब्रँडनी त्याच वर्षी टर्बो गाड्या आणल्या आणि दोघांनी दाब आवरण्याचे अगदी वेगळे मार्ग धरले.

शेवरोलेच्या कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडरला वेस्टगेटच नव्हता. इंजिनियरांनी कार्ब्युरेटर आणि सायलेन्सर यांचाच अडथळा अशा बेताने ठेवला की ठरावीक दाबापुढे टर्बोला दमच पुरू नये. कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते प्रमाण) ८:१ पर्यंत उतरवला. हलणारा भाग नाही, म्हणजे बिघडायलाही काही नाही. मला हा उपाय आजही आवडतो, फक्त त्यात एक मेख आहे. मालकाने हौसेने मोकळा सायलेन्सर बसवला की लगाम ढिला पडलाच.

ओल्डस्मोबिल जेटफायरचा मामला उलटा होता. साडेतीन लिटरचं अॅल्युमिनियम व्ही-८, १०.२५:१ असा चढा कॉम्प्रेशन रेशो, आणि वर टर्बो. तिला वेस्टगेट होता, तरी नॉकिंग टाळायला डिस्टिल्ड वॉटर आणि मिथेनॉल यांचं मिश्रण हवेत फवारलं जायचं. त्याचं नाव ‘टर्बो-रॉकेट फ्लुइड’. टाकी रिकामी झाली तर एक झडप हवेची वाट अडवून दाब आपोआप खाली आणायची. म्हणजे बिघाडाच्या वेळी गाडी सुरक्षित बाजूला झुकत होती, आणि त्या काळासाठी ही फार पुढची गोष्ट होती. पण गिऱ्हाईक ती टाकी भरायला विसरायचं, गाडी मंद पडायची आणि बोल टर्बोला लागायचा. अखेर कंपनीने अनेक गाड्यांचा टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून दिला. यंत्र शहाणं होतं, पण पेट्रोल भरण्यापलीकडे काही लक्षात ठेवावं लागेल असं विकत घेणाऱ्याला कुणी पटवून दिलं नव्हतं.

पुढची दहा वर्षं टर्बो रस्त्यापेक्षा रेसमध्येच रमला. कॅन-अॅम मालिकेतल्या पोर्शे ९१७/३० मध्ये १९७३ साली चालकासमोर दाब वाढवण्याची नॉब होती. मार्क डोनह्यूने त्या गाडीवर अजिंक्यपद मिळवलं, ताकद अकराशे हॉर्सपॉवरच्या घरात. रेसमध्ये हे चालतं, कारण शर्यत संपली की इंजिन खोलतात. त्याच वर्षी फ्रँकफर्टला बीएमडब्ल्यूने ‘२००२ टर्बो’ नावाची गाडी दाखवली. १७० हॉर्सपॉवर, कॉम्प्रेशन रेशो ६.९:१. पाठोपाठ तेलसंकट आलं आणि जेमतेम १,६७२ गाड्या बनून तो प्रकार थांबला. पोर्शे ९११ टर्बोही साधारण त्याच वाटेने आली: कॉम्प्रेशन ६.५:१, दाब ०.८ बार (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेइतका दाब), वेगळा वेस्टगेट, आणि दाब फारच चढला तर फ्युएल पंपाचा करंट तोडणारा स्विच.

हा स्विच कशासाठी, ते समजून घ्यायला हवं. नेहमीच्या वेस्टगेटमध्ये स्प्रिंग झडप बंद धरून ठेवते, आणि टर्बोने तयार केलेला दाबच एका बारीक नळीतून डायफ्रामवर, म्हणजे लवचिक पडद्यावर, येऊन ती झडप उघडतो. रचना सुटसुटीत आहे, पण नळी निसटली किंवा डायफ्राम फाटला की झडपेला दाबाची खबरच पोहोचत नाही. ती मिटलेलीच राहते आणि बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, चढतच जातो. लगाम तुटल्यावर हा घोडा थांबत नाही, उधळतो. म्हणून शेवटची पहारेदारी त्या स्विचकडे.

स्वीडनच्या साबने १९७७ मध्ये ९९ टर्बो दाखवली तेव्हा हिशोबच बदलला. पेर यिलब्रांड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टर्बो मुद्दाम लहान ठेवला, म्हणजे कमी आरपीएमला दाब लवकर यावा आणि वरच्या आरपीएमला वेस्टगेटने जादाचा वायू सोडून द्यावा. आधीच्या गाड्यांत वेस्टगेट राखणदार होता, इथे तो रोजचा कामकरी झाला. दोन लिटरच्या इंजिनातून १४५ हॉर्सपॉवर मिळाली आणि टर्बो घरगुती गाडीत रुळला.

त्यापुढचं त्यांचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एपीसी (ऑटोमॅटिक परफॉर्मन्स कंट्रोल) ही यंत्रणा आली. इंजिन ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवला. नॉकिंगची चाहूल नसेल तोवर एक सोलेनॉइड (विजेवर चालणारी) झडप वेस्टगेटकडे जाणारा दाब थोडा वळवून बूस्ट वाढवू देते, चाहूल लागली की लगेच उतरवते. पेट्रोल हलकं मिळालं तर गाडी थोडी मंद चालते, एवढंच. या भरवशावर ९९ टर्बोचा ७.२:१ कॉम्प्रेशन रेशो ९०० टर्बोत ८.५:१ पर्यंत चढवता आला. आणि सोलेनॉइडची वायर निघाली तर दाब स्प्रिंगच्या मूळ, कमी पातळीवर येतो. दोष निम्मा मिटला. निम्माच, कारण रबरी नळी तशीच राहिली.

फॉर्म्युला वनमध्ये तोपर्यंत दाबाची नुसती उधळण चालू होती, आणि तिथे लगाम इंजिनियरांनी नव्हे, नियमकर्त्यांनी घातला. १९८७ ला ४ बारची पॉप-ऑफ झडप (मर्यादेपुढचा दाब सोडून देणारी) सक्तीची झाली, १९८८ ला मर्यादा २.५ बारवर आली, १९८९ ते २०१३ टर्बोवरच बंदी होती. गंमत अशी की अडीच बारच्या त्या वर्षी होंडाचा टर्बो लावलेल्या मॅक्लारेनने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या.

डिझेलचं दुखणं वेगळं आहे. तिथे नुसती हवाच दाबली जाते, त्यामुळे पेट्रोलसारखं नॉकिंग नाही. जादा दाबाने ताण येतो तो हेड गॅस्केटवर आणि टर्बोच्या बेअरिंगवर. पुढे व्हेरिएबल जिऑमेट्री टर्बो आले, म्हणजे टर्बाइनभोवतीची पाती हलवून दाब बदलणारे. त्यातल्या व्हॅक्युमवर चालणाऱ्या बऱ्याच रचनांत व्हॅक्युम गेलं की पाती उघडतात आणि दाब पडतो, गाडी ओढत नाही पण इंजिन वाचतं. हीच पाती काजळीने अडकली तर मात्र दाब चढतो, ईसीयू (इंजिनाचा संगणक) गाडीला लिंप मोडमध्ये, म्हणजे ताकद कमी करून चालण्याच्या स्थितीत, टाकतो आणि घाटात मागची रांग हॉर्न वाजवत बसते.

आज जुनी पेट्रोल टर्बो हातात आली तर शोध त्या नळीपासूनच सुरू करावा. वीस-तीस वर्षं एक्झॉस्टच्या उष्णतेत भाजलेलं रबर टोकाला चिरतं, बाहेरून धड दिसतं. मग डायफ्राम: हातपंपाने दाब देऊन झडपेची दांडी सरकते का आणि दाब टिकतो का ते बघायचं. मग झडप गंजून जाम झाली आहे का. दाब सुरुवातीला ठीक राहून आरपीएमबरोबर हळूहळू चढत असेल, तर संशय मोकळ्या एक्झॉस्टवर घ्यावा. वायू इतका सहज वाहतो की मूळ वेस्टगेटचं भोक त्याला पुरत नाही. आधीच्या मालकाने अॅक्च्युएटरच्या (डायफ्राम बसवलेल्या डब्याच्या) दांडीचे आटे फिरवलेत का, किंवा साबच्या एपीसी बॉक्समधला ‘पी’ खुणेचा स्क्रू हलवलाय का, हेही तपासावं. आणि गाडी जोरात पळवून बघण्याआधी त्या प्रेशर स्विचच्या दोन वायरा कुणी एकत्र जोडून टेप गुंडाळलेली नाही ना, याची खात्री करून घ्यावी. दाब चढला की इंजिन गचके खातं, म्हणून तो स्विचच बाद करून टाकलेल्या गाड्या विकायला येतात.