चॅप्लिनचा 'प्रोफेसर'

चार्ली चॅप्लिनने एका फोटोवर सही करताना मॅक्स लिंडरला 'प्रोफेसर' म्हटलं होतं आणि स्वतःला त्याचा शिष्य. आता चार्लीची काठी-टोपी शेंबड्या पोरालाही माहितीये, पण प्रोफेसरचं नाव काढलं की लोक म्हणतात, कोण बुवा हा?

तर हा फ्रान्समधल्या बोर्दोजवळचा, जन्म १८८३, खरं नाव गाब्रिएल लविएल, घरचे द्राक्षमळे. पण पोराला वेड नाटकाचं. १९०५ पासून पॅरिसमध्ये दिवसा पाथे कंपनीचं शूटिंग आणि रात्री थिएटर असं सुरू झालं, कारण सिनेमात काम करणं तेव्हा काही मिरवायची गोष्ट नव्हती (आपल्याकडे तर १९१३ मध्ये फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळेना, शेवटी साळुंक्यांना साडी नेसवली).

तोपर्यंत कॉमेडी म्हणजे पळापळ, आपटाआपटी, विदूषकी कपडे. मॅक्सने उलटं केलं. उंच रेशमी टोपी, हातमोजे, काठी, कोरलेली मिशी, एकदम खानदानी तरुण, आणि फजिती झाली तरी ऐट सोडायची नाही, हसू येतं ते त्या ऐटीचंच. १९१२ पर्यंत त्याचा पगार वर्षाला दहा लाख फ्रँकपर्यंत गेला म्हणतात.

मग १९१४ चं महायुद्ध आलं आणि तब्येत कायमची बिघडली. चॅप्लिनने 'एसाने' ही अमेरिकन फिल्म कंपनी सोडल्यावर तिने त्याच्या जागी याला अमेरिकेत नेलं (गुरूला शिष्याच्या रिकाम्या खुर्चीत बसवलं, काय म्हणायचं!) पण तीनच पिक्चर झाले आणि गाडी अडली.

परत अमेरिकेत जाऊन केलेला १९२१ चा 'सेव्हन इयर्स बॅड लक' मात्र बघाच. नोकराकडून आरसा फुटतो, मग रिकाम्या चौकटीमागे आचारी उभा राहतो आणि दाढी करणाऱ्या मॅक्सची हुबेहूब नक्कल करतो, मॅक्सला संशय येतो, पण तो डाव साधणार तोवर तिथे खरा आरसा बसलेला असतो आणि हा पठ्ठ्या त्याच्यावरच बूट फेकतो! पुढे अमेरिकन विनोदी नट मार्क्स बंधूंनी १९३३ मध्ये असाच आरशाचा सीन केला, तो जास्त गाजला.

१९२५ मध्ये पॅरिसला तो आणि त्याची तरुण बायको, दोघांचाही शेवट झाला. मागे राहिली त्यांची सोळा महिन्यांची मुलगी मोद. बाप कोण होता हे तिला बरंच उशिरा कळलं, मग तिने त्याच्या हरवलेल्या फिल्म्स शोधायला घेतल्या, १९६३ मध्ये त्यातले तीन सिनेमे जोडून लोकांसमोर आणले, आणि आज आपल्याला मॅक्स बघायला मिळतो तो बराचसा तिच्यामुळे.