बिबट्याचे नियम अस्वलाला लावू नका

पाटणादेवीच्या जंगलात डोंगर चढणाऱ्या प्रत्येक ग्रुपमध्ये एक जाणकार असतोच. कपार दिसली की तो दबक्या आवाजात बजावतो, "आवाज करू नका भो, आत जनावर असंल!" मग सगळे चवड्यांवर, श्वास रोखून गुहेच्या तोंडाशी जातात आणि आत मोबाईलची बॅटरी मारतात. आत अस्वल असेल तर याहून वाईट काही करता येत नाही.

बिबट्या खानदेशाला ठाऊक आहे. रात्रीची लाईट असली की केळीला पाणी भरायला जाणारा माणूस त्याचा विचार करूनच बांधावर पाय ठेवतो. वाकून बसू नये, पोरांना मागे राहू देऊ नये, पाठ फिरवून पळू नये, हे सगळ्यांना पाठ आहे. पण यावल, तोरणमाळ, गौताळा या बाजूंना डोंगर चढताना तीच शिदोरी लोक अस्वलासाठीही बांधून नेतात.

दिसण्यात कुणाची गल्लत होत नाही. ठशांतही होऊ नये: बिबट्याच्या गोल ठशात चार बोटं असतात आणि नखं सहसा उमटत नाहीत. अस्वलाची पाच बोटं आणि त्यांच्या पुढे लांब नखांच्या खुणा. मागच्या पायाचा ठसा तर माणसाच्या अनवाणी पावलासारखा. बिबट्याच्या विष्ठेत केस आणि हाडांचे तुकडे, अस्वलाच्या विष्ठेत बोरं-टेंभुरणीच्या बिया आणि वाळवी. फोडलेलं, उकरलेलं वारूळ दिसलं तर ते बहुधा अस्वलाचंच काम. एवढं पुरे.

खरा फरक हा, की आधी कुणाला कळतं. तुम्ही पायवाटेवर आहात हे बिबट्याला तुमच्याआधी समजलेलं असतं. तो झुडपाआड दबतो किंवा निघून जातो, तुम्हाला पत्ताही लागत नाही. अस्वलाचं उलट. नाक तिखट, पण नजर आणि कान बेताचेच. त्यात ते वारुळात तोंड खुपसून वाळवी ओढत असलं तर त्याच्या स्वतःच्या फुरफुरण्याचाच एवढा आवाज होतो की तुमची चाहूल त्यात बुडते. वारा त्याच्याकडून तुमच्याकडे येत असेल तर नाकाचाही उपयोग नाही. नाल्याच्या वळणावर मोठा धोंडा ओलांडून तुम्ही दहा पावलांवर उभे राहता, तेव्हा कुठे त्याला कळतं. वाघाच्या शेजारात वाढलेलं हे जनावर दचकलं की पळण्याऐवजी अंगावर येतं, असं अभ्यासक मानतात. तुम्हाला खायला नाही, बाजूला सारायला. पण ती लांब नखं सहसा चेहऱ्यावर आणि डोक्यावरच पडतात.

म्हणून अस्वलाच्या डोंगरात गप्प चालायचं नाही. वळणाआधी खाकरा, एकमेकांना हाका मारा, काठी खडकावर आपटत चला. काठीला घुंगरू बांधणाऱ्या गुराख्याला हसणाऱ्यांनी तीच काठी घ्यावी. ब्लूटूथ स्पीकर मात्र नको. त्यात पुढची फुरफूर तुम्हालाच ऐकू येत नाही. कानात इअरफोन घालून पुढे निघणाऱ्याला मी तरी सोबत नेत नाही. मोकळं सोडलेलं कुत्रंही नको. ते अस्वलाला छेडतं आणि धावत तुमच्याकडेच परततं.

आता गुहा. पितळखोऱ्याची कोरीव लेणी वेगळी आणि डोंगरातली निनावी कपार वेगळी. अस्वल भर दुपारी अशाच थंड कपारीत पडलेलं असतं, म्हणजे नेमकं तुम्ही सावली शोधता तेव्हा. कपारीला बहुतेक वेळा एकच तोंड असतं आणि तुम्ही त्याच तोंडात उभे राहता. त्याला बाहेर पडायला तुमच्यावरूनच वाट उरते. हिवाळ्यात तर आत पिल्लं असू शकतात, आणि पिल्लांची आई कसलाही हिशोब करत नाही. तेव्हा लांबूनच बघा, तोंडासमोर थांबू नका. फोटो बाहेरून काढा.

समोरासमोर आलंच तर? लांब असेल तर त्याच्यावर नजर ठेवून हळूहळू मागे सरा. पळू नका, ते तुमच्यापेक्षा जोरात पळतं. उतारावर अस्वल पळू शकत नाही ही निव्वळ थाप आहे. शाळेतल्या गोष्टीतला मित्र झाडावर चढून वाचला. आपलं अस्वल मधासाठी झाडावर सहज चढतं. जमिनीवर निजलेल्या दुसऱ्या मित्राचं थोडं बरोबर होतं, पण अस्वल दिसताक्षणी निजायचं नसतं. ते खरोखर अंगावर आलं, आता सुटका नाही असं झालं, की पालथं पडायचं, चेहरा जमिनीकडे, दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफून. पाठीवर सॅक असेल तर राहू द्या. बिबट्यापुढे हेच केलंत तर जिवावर बेतेल. तिथे उभं राहायचं, हात वर करून मोठं दिसायचं, ओरडायचं आणि झोंबलाच तर हाताला येईल त्याने मारायचं.

मार्च-एप्रिलमध्ये सातपुड्यात जाणार असाल तर पहाटेचा ट्रेक टाळा. मोह गळत असतो. वेचायला माणसं झाडाखाली येतात, खायला अस्वलंही, आणि दोघांची मान खाली असते.