पट्टेरी डुक्कर आणि ३०७ फुटकळ मतं

१८३८ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, डेडहम गावी एका बहाद्दराने डुकराच्या अंगावर पट्टे रंगवले आणि ते तंबूत ठेवलं. बघायला पैसे, बघणाऱ्याला दारूचा पेला फुकट! कारण त्याच वर्षी कायदा झाला होता: कडक दारू १५ गॅलनपेक्षा, म्हणजे सुमारे ५७ लिटरपेक्षा, कमी विकायची नाही. पिंपभर घेणारा श्रीमंत खुशाल पिणार, पेलाभर मागणारा मजूर कोरडा. लोक भडकले नसते तरच नवल.

कायद्यावर सही करणारे गव्हर्नर एडवर्ड एव्हरेट १८३९ मध्ये पुन्हा उभे राहिले. समोर मार्कस मॉर्टन. गव्हर्नरची मुदत एकच वर्षाची आणि हे गृहस्थ १८२८ पासून दरसाल उभे राहून दरसाल पडत होते.

या वेळी मॉर्टनना ५१,०३४ मतं पडली, एव्हरेटना ५०,७२५. ३०९ची आघाडी. आपल्याकडच्या नियमाने निकाल इथेच लागला असता. तिथे मात्र नुसतं पुढे असून भागत नव्हतं. एकूण मतांच्या निम्म्याहून जास्त हवी होती. आणि ३०७ मतं इकडेतिकडे विखुरली होती. ती कुणालाच जिंकवणार नव्हती, पण बेरजेत धरली जात होती.

एकूण १,०२,०६६. निम्मी ५१,०३३. मॉर्टनकडे त्याहून बरोब्बर एक जास्त.

गंमत पुढेच आहे. त्यांचा एक मतदार घरी बसला असता तरी ते तरले असते, कारण एकूण बेरीजही एकाने घटली असती. पण त्याच मतदाराने एव्हरेटना मत दिलं असतं, तर मॉर्टन बरोबर निम्म्यावर अडकले असते आणि निवड विधिमंडळाकडे गेली असती. दोन आळशी माणसांनी उठून मॉर्टन सोडून कुणालाही मत दिलं असतं, तरी तेच!

हाताने मोजलेल्या चिठ्ठ्यांत हजारी एक चूक धरली, तरी लाखात शंभर होतात. म्हणजे मोजपट्टीवरच्या रेघा मोजायच्या वस्तूपेक्षा जाड. अशा निकालाला मी तरी ‘मोजमाप’ म्हणायला कचरेन. एव्हरेटनी मात्र वाद न घालता खुर्ची सोडली.

१८४० मध्ये दारूचा कायदा रद्द झाला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत मॉर्टनही पडले. निम्म्याहून जास्त मतांची अट मात्र १८५५ पर्यंत टिकली.